दुरंगी बावीतला वाजणारा चिरा

जामखोलच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एस.टी. जिथे वळण घेते, तिथून उजव्या हाताला दोनशे पावलांवर बाव आहे. इथे विहिरीला बाव म्हणतात. काठावरून वाकून पाहिले की आधी तांबडा रंग दिसतो. चार पुरुष खोलीपर्यंत जांभ्याचे चिरे, भोकाभोकांचे, पावसाने काळवंडलेले, त्यांच्या सांध्यांतून नेचे उगवलेले. त्याच्या खाली एक थर असा, की त्यात एक चिरा तांबडा, एक दगड काळा, पुन्हा एक तांबडा, एक काळा. आणि तिथून तळापर्यंत सगळे काळेभोर, घोटीव बांधकाम, इतके घट्ट की सांध्यात सुरीचे पाते जायचे नाही. म्हणून हिचे नाव दुरंगी.

पाहायला येणारे फोटो काढतात, खडा टाकून पाणी किती खोल ते बघतात, आणि निघायची घाई करतात. दाजी गुरव त्यांना निघू देत नाहीत. वय सत्त्याहत्तर, अंगात पांढरी बंडी, तोंडात कायम आवळ्याची फोड. "खडा कशाला टाकता? तिच्या पोटात काय कमी दगड हायत?" असे म्हणून ते आधी दटावतात. मग काठावरच्या एका चिऱ्याकडे बोट दाखवतात. त्या चिऱ्याच्या सांध्यातून गंजाचा ओघळ बावीच्या आत उतरलेला आहे. "ह्याला हात लावायचा न्हाय. आधी गोष्ट आयका," असे सांगून ते काठावर बसतात, आणि पाहुण्यांनाही बसावेच लागते.

फार मागची गोष्ट, असे सांगतात. किती मागची ते दाजींना विचारू नये. त्यांच्या आजोबांनाही ते ठाऊक नव्हते. घाटावरून एक पाथरवट खाली उतरला, त्याचे नाव सटवाजी. हात असा की काळ्या दगडातून कमळ काढले तर भुंग्याने फसावे. पण पायाला भिंगरी. एका गावी देवळाचा गाभारा उभा करायचा, शिखराला हात घालायचा, आणि एक दिवस सकाळी उठून हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून चालू लागायचा. कुठे का, त्याचे त्यालाही सांगता यायचे नाही. घाटमाथ्यावर अशी सात देवळे होती म्हणे, सटवाजीने आरंभलेली आणि दुसऱ्या कुणीतरी कशीबशी पुरी केलेली. त्याची बोटेसुद्धा स्वस्थ नसायची. बसला की समोर असेल त्यावर टकटक. दगड, उंबरा, हंडा, काही चालायचे. लोक त्याला टकटक्या म्हणत.

त्या टकटकीमागे त्याचे एक शास्त्रही होते. बापाने शिकवलेले. दगडावर हातोडी हळूच मारायची आणि कान द्यायचा. घंटेसारखा भरीव नाद आला तर तो पुरुष दगड, त्याची मूर्ती करावी. काशाच्या ताटासारखा किणकिणला तर ती स्त्री शिळा, तिची बैठक करावी. आणि नादच आला नाही, तर तो नपुंसक, तो पायात भरावा आणि विसरून जावे. जगातल्या सगळ्या दगडांची जात या तीन घरांत बसते, अशी त्याची खात्री होती. काळ्या दगडाचा जन्मही त्याला तोंडपाठ होता. धरतीच्या पोटातला अग्नी कधीकाळी उतू गेला, थरावर थर निवत गेला, म्हणून तर सह्याद्रीला पायऱ्या पडल्या. अग्नीच्या पोटचा तो काळा दगड, म्हणून त्याला नाद.

बरोबर त्याची बायको होती, पारू. तीन संसार तिने डोक्यावर वाहिले होते. चूल मांडायची, ती चूल काळी होईतो पुढच्या वाटेला लागायचे. आता तिला दिवस राहिले होते. सटवाजीला समुद्र बघायचा होता म्हणून दोघे घाट उतरली, आणि दिवाळीनंतरच्या उन्हात जामखोलच्या सड्यावर आली. तिथे पारूने डोक्यावरचे बोचके खाली ठेवले आणि ती बसली.

"उठ की," सटवाजी म्हणाला. "समिंदर हितनं एका दिसाच्या वाटंवर हाय."

"तुमी जावा," पारू म्हणाली. "म्या न्हाई उठायची आता. माझं प्वार वाटंवर जन्मायचं न्हाई."

सटवाजीने पुष्कळ समजावले. ती हलली नाही. तेवढ्यात खालच्या घळीतून गावच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन धापा टाकत वर आल्या, आणि त्यांच्याकडून कळले की या गावाला वर पाणी नाही. शिमग्यानंतर सडा तव्यासारखा तापतो. पाऊस मुसळधार पडतो, पण जांभा चाळणीसारखा, सगळे पाणी पिऊन कोरडाच. बारमाही झरा एकच, खाली घळीच्या तळाशी, आणि तिथली वाट अशी उभी की दरवर्षी एखादीचा तरी पाय मोडायचा. सड्यावर जो बाव बांधून पाणी लावून देईल, त्याला गाव घर आणि वावर देणार होते. दोघातिघांनी प्रयत्न केले होते आणि माती झाली होती.

पारूने नवऱ्याकडे पाहिले.  सटवाजीने सवयीने पायाखालच्या कातळावर हातोडी टेकवली. ठप्प. पुन्हा मारली. ठप्पच. त्याने तोंड वाकडे केले. "ह्यो दगुड न्हवं," तो म्हणाला. "ही मातीच हाय, दगडाचं सोंग घेतल्याली." पण बाव बांधतो म्हणाला. समुद्र काय, उन्हाळ्यानंतरही तिथेच असणार होता.

गावात चिरे काढण्यात मुरलेला एकच माणूस होता, गोमा. साठी उलटलेला, दात दोनच उरलेले, पण टिकाव हाणायचा तर जांभा लोण्यासारखा निघायचा. तो सटवाजीच्या हाताखाली कामाला आला. खणताना निघतील तेच चिरे घडवायचे आणि त्यांनीच बाव बांधून काढायची, असे ठरले. पण चिऱ्यांची रास लागली तेव्हा गोमाने सांगितले, "हे आता ऱ्हवू देत. वरीसभर उघड्यावर टाक. पाऊस खातील, ऊन खातील, मग बांधाय घे."

सटवाजी पोट धरून हसला. "दगुड काय लोणचं हाय व्हय, मुरायला?"

"जांभा ही धरतरीची जखम," गोमा म्हणाला. "उघडी पडली की खपली धरते. खपली धरली की मग घट. वली जखम कोण हाताळतो काय?"

हे सांगताना गोमा हसत नव्हता. पण सटवाजीच्या शास्त्रात असा दगड नव्हताच. त्याच्या लेखी दगड जन्मतो तेव्हाच कठीण असतो, आणि जो जन्मतः कठीण नाही तो पुढे काय होणार? शिवाय वर्षभर थांबायचे? तो चार महिनेसुद्धा कुठे टिकला नव्हता. रोज संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून उभा राहायचा आणि खारा वारा आला की नाक फुलवायचा. त्याला बाव उरकायची होती. अति घाई संकटात नेई, हे शहाण्याला सांगावे लागत नाही आणि टकटक्याला सांगून उपयोग नव्हता.

पाच पुरुष खोल गेल्यावर जांभा संपला आणि शेडी लागली. शेडी म्हणजे पांढरट पिवळी मऊ माती, हातात घेतली की साबणासारखी. ती ओली होती, कडेने पाणी पाझरत होते. सटवाजीला तेवढे बस झाले. त्याने तिथेच खोदाई थांबवली आणि त्याच आठवड्यात काढलेल्या ओल्या चिऱ्यांनी झरझर बांधकाम वर आणले. गुढीपाडव्याला काठ बांधून झाला. बायांनी बावीला हळदकुंकू वाहिले. सटवाजीने पिशवीला नवे बंद लावून ठेवले. ते पारूने पाहिले.

चैत्राच्या शेवटी वळवाची एकच सर आली. दुपारची वेळ. गोमा तळाशी उतरून गाळ काढत होता. वरून पाणी शिरले, शेडी पाघळली, ओले चिरे खालून दबले, आणि बघता बघता अर्धी बाव आत बसली. सगळा गाव धावला. गोमाला बाहेर काढले तेव्हा तो जिवंत होता, पण उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता. सटवाजी काठावर उभा होता. हातात चिऱ्याचा एक तुकडा होता, आणि तो मुठीत दाबला तर चुरा होत होता.

गाव जाखमातेच्या देवळात जमला. देवीला कौल लावायचा ठरला. देवीच्या अंगाला फुलाच्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवीकडची कळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. कोंबडा हवा काय? डावी पडली. बोकड? डावी. मग त्यावेळच्या गुरवाने विचारले, बाव बांधणाऱ्याला जे सर्वांत जिवापाड प्रिय, ते हवे काय? कळी उजवी पडली.

 सगळ्यांच्या नजरा पारूकडे वळल्या. सात महिन्यांची गर्भार बाई खांबाला धरून उभी होती. जुन्या काळच्या विहिरींच्या पोटात कुणाकुणाच्या सुना गेल्याच्या गोष्टी लोकांना ठाऊक होत्या.  ती पुढे आली आणि स्पष्ट बोलली.

"माज्याकडं काय बघताय? म्या न्हाई ह्येंची लाडकी. ह्येंची लाडकी वाट हाय. दुपारपास्नं पिशवी खांद्याला हाय बघा ह्येंच्या."

आणि खरेच होते. सटवाजीच्या खांद्याला पिशवी होती. गोमाला बाजेवर निजवून तो थेट घरी गेला होता, आणि पिशवी घेऊनच देवळात आला होता. कौल संपला की घळीच्या वाटेने निघायचे, एवढेच त्याच्या मनात होते. आपण पारूला सांगून जाणार होतो की न सांगता, हे त्याला त्या क्षणी स्वतःलाच विचारावे लागले, आणि उत्तर आले तसा तो शरमला.

त्याने पिशवी उतरवली. हातोडी काढून देवीच्या पायाशी ठेवली. आणि गावासमोर शपथ घेतली, की चिऱ्यांचे वर्ष भरेपर्यंत ही हातोडी हातात धरणार नाही, आणि बावीला पाणी लागेपर्यंत जामखोलची वेस ओलांडणार नाही. लोकांना वाटले, बोकडापेक्षा स्वस्तात सुटला. पारूला तसे वाटले नाही. तिला नवरा ठाऊक होता.

नवे चिरे काढून सड्यावर मांडले आणि सटवाजी त्यांच्याशेजारी बसला. बसला म्हणजे काय, तडफडला. पहिले दोन महिने तो चिऱ्यांभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत होता. वेशीच्या दगडापर्यंत जायचा, पायाचा अंगठा त्याला लावायचा आणि मागे फिरायचा. रस्त्याने कुणी वाटसरू गेला की त्याला गाठून कुठून आलात, कुठे निघालात, पुढचे गाव कसे आहे, असे इतके विचारायचा की माणूस पळ काढायचा. बोटे गुडघ्यावर वाजायची, भाकरीवर वाजायची. गोमा बाजेवरून ओरडायचा, "अरं, माजा पाय गेला तरी मी गप पडलंय, तुजे दोन हायत तर एवढा का उडतंस?" पण गोमाने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि ते सटवाजीला अधिक लागायचे.

आषाढात पारूला मुलगी झाली. पारू बाळंतिणीच्या खोलीत, म्हणून घळीतून पाणी आणायचे काम सटवाजीवर आले. गावातला एकच पुरुष हंडा घेऊन उतरायचा, बाया तोंडाला पदर लावायच्या. पहिल्या दिवशी चढताना त्याच्या छातीचा भाता झाला. पारू हे पोटुशी असताना महिनोन् महिने करत होती, आणि आपण संध्याकाळी समुद्राचा वारा घेत उभे असायचो, हे त्याला त्या चढणीवर कळले.

हातात हातोडी नव्हती, डोक्यावर हंडा होता, म्हणून बोटांनाही काम नव्हते. तेव्हा तो पहिल्यांदा नुसता बघायला लागला. घळीची भिंत वाटेच्या बाजूला उभी कापल्यासारखी होती. वर तांबडा जांभा. त्याखाली शेडी. ती त्याने बावीत पाहिली होती. पण शेडीच्या खाली काय, ते त्याने पाहिलेच नव्हते. तिथे मातीत अडकलेले गोळे होते, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. एके दिवशी हंडा खाली ठेवून त्याने एक गोळा नखांनी सोलला. सर्वांत वरचा पापुद्रा तांबडा, हाताला लागताच चुरा होणारा. दुसरा पिवळा. तिसरा मातकट हिरवा आणि जरा कठीण. आणि सगळे पापुद्रे निघाल्यावर आत एक मूठभर काळा दगड उरला. त्याने त्यावर नख वाजवले.

किण्ण.

सटवाजीने पुन्हा नख वाजवले. हा त्याचाच दगड होता, घाटावरचा, अग्नीच्या पोटचा. त्याच्याच अंगावरून तांबडी माती सुटत होती. तो वर पाहत गेला, काळा, मग गोळे, मग शेडी, मग जांभा, आणि पुन्हा खाली पाहत आला. दोन दगड नव्हतेच. पाण्याने आणि उन्हाने युगानुयुगे खाल्लेला काळा दगड म्हणजेच जांभा. अग्नीने एकदा जन्म दिला, आणि पावसाने दुसऱ्यांदा. बापाच्या तीन घरांत या दगडाला जागा नव्हती, कारण बापाने दगड फक्त वाजवले होते, एका जागी बसून कधी पाहिले नव्हते.

हंडा तिथेच टाकून तो धावत गोमाकडे गेला आणि काळा गोळा त्याच्या हातात ठेवला. "गोमाबाबा, तुमचा दगुड म्हंजी माजाच दगुड, म्हातारा झालेला!"

गोमाने गोळा निरखला. मग दोन दात दाखवून म्हणाला, "मंग इतके दिस म्हाताऱ्यास माती म्हनत व्हतास ता?"

त्या दिवशी सटवाजीला आणखी एक गोष्ट कळली, आणि गावाच्या दृष्टीने तीच मोठी. घळीतला झरा जिथून फुटतो, ती जागा काळ्या दगडाच्या माथ्यावरच होती. जांभा पाणी पितो, शेडी झिरपू देते, पण काळा दगड त्याला पुढे जाऊ देत नाही. सड्यावर पडलेला सगळा पाऊस तिथे अडून बसलेला असतो. म्हणजे बाव काळ्या दगडापर्यंत जायला हवी, त्याशिवाय पाणी लागणार नाही. त्याने काथ्याच्या दोरीने घळीची भिंत मापली. आठ पुरुषांवर काळा दगड. आधीचे सगळे शेडीतच थांबले होते, आणि तोही.

पुढच्या वर्षीचा चैत्र सरला. चिऱ्यांचे वर्ष भरले. एक चिरा उचलून त्याने छातीएवढ्या उंचीवरून खाली टाकला, तर कातळाचा टवका उडाला, चिरा साबूत. गुरवाने देवीच्या पायाची हातोडी त्याला परत दिली. पुढची खोदाई सगळ्या गावाने केली. काळ्या दगडाला पोचल्यावर मात्र सटवाजी एकटाच उतरायचा, कारण ते दुसऱ्या कुणाचे काम नव्हते. तीन पुरुष काळा दगड त्याने टाकीने फोडला, त्याचेच चिरे घडवून खालची अंगठी, म्हणजे गोल भिंत, बांधली, शेडी त्यांनीच अडवली. वर मुरलेला जांभा. आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे त्याने एक तांबडा, एक काळा असा थर घातला. गोमा काठावर बसून सांगायचा, हा बस, तो काढ. पावसाळ्यात काम अडले, पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या शिमग्याच्या आदल्या दिवशी तळाच्या भेगेतून पाणी उसळले, आणि सटवाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला.

शपथ पुरी झाली. वेस मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पारूने चार भाकऱ्या भाजल्या, चटणी घातली, फडक्यात बांधल्या आणि गाठोडे दाराच्या कडीला अडकवले. स्वतः मुलीला घेऊन आत बसली.

"शिदोरी बांदलीया," ती आतून म्हणाली. "समिंदर बघायचा ऱ्हायलाय तुमचा. जावा."

आवाजात राग नव्हता. दोन वर्षे हा माणूस एका जागी राहिला, याहून जास्त मागायचे तिने मनाने सोडून दिले होते. सटवाजीने गाठोडे घेतले, पिशवी घेतली आणि निघाला. पारूने पावले ऐकली. पावले बावीच्या दिशेने गेली, आणि बावीपलीकडेच वेस होती.

ऊन चढले. मुलगी झोपली. टकटक ऐकू येत नव्हती. शेवटी पारूला राहवेना, ती दारात आली. बावीच्या काठावर सटवाजी पाय सोडून बसला होता. भाकरी खात होता. काठावरच्या थरात एका चिऱ्याची जागा त्याने मोकळी ठेवली होती, हे गावात कुणाच्या लक्षात आले नव्हते. भाकरी संपवून त्याने बावीतून ओढलेले पाणी ओंजळीने प्यायले. मग एक मुरलेला चिरा घेतला, त्याला पोटातून कोरले, आणि कोरून झाल्यावर हातातली हातोडी त्या पोकळीत ठेवली. चिरा मोकळ्या जागी बसवला, वरून दुसरा चढवला, चुन्याने सांधा भरला. पाथरवटाने आपली हातोडी भिंतीत चिणली म्हणजे काय, ते पारूला समजावून सांगायची गरज नव्हती. ती मुलीला उठवायला आत पळाली.

सटवाजीने समुद्र कधीच पाहिला नाही, असे सांगतात.

आजही जामखोलात घर बांधायचे तर चिरे आधी बावीजवळच्या सड्यावर वर्षभर मांडतात, आणि त्या वर्षात घरधनी एकही मुक्काम वेशीबाहेर करत नाही. मुंबईला नोकरी करणारे रजा काढून येतात आणि चरफडतात, पण करतात. हातोडीचा गंज चिऱ्यात उतरून उतरून आता लोखंड कुठे संपते आणि जांभा कुठे सुरू होतो, ते सांगता येत नाही. जांभा वाजत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो एक चिरा वाजतो म्हणे. गाव कायमचे सोडून निघालेल्याने आधी त्यावर बोट वाजवायचे असते. ठप्प झाले तर खुशाल जावे. किणकिण आली, तर पिशवी खाली ठेवावी.

गोष्ट संपली की पाहुणे एकेक करून चिरा वाजवतात. कुणाला ऐकू येते, कुणाला नाही, भांडतातही. एकदा एका मुलीने दाजींना विचारले, तुम्ही कधी वाजवलात?

दाजींनी आवळ्याची फोड या गालातून त्या गालात सरकवली. "वाजवला व्हता. बाविसाव्या वर्षी. पिशवी भरून हितं हुबा व्हतो, आन् गाडी त्या वळणावर हुबी व्हती."

"मग? काय ऐकू आलं?"

दाजी उठले. त्यांनी काठावरची कळशी बावीत सोडली, भरून वर ओढली आणि आधी तिच्या ओंजळीत पाणी ओतले.